तार्तूला निघालेल्या गायकवृंदासाठी: कार्यक्रम कमी, तालमी जास्त

प्रश्न: आमच्या विद्यापीठाच्या गायकवृंदात तीसेक मुलं-मुली आहेत. बहुतेक सगळे युवा महोत्सवाच्या समूहगीतातून आलेले. पुढच्या जूनमध्ये एस्टोनियातल्या तार्तू शहरातल्या एका विद्यार्थी गायकवृंदाने आम्हाला दहा दिवसांसाठी बोलावलं आहे. दहा दिवसांत सात कार्यक्रम असा आराखडा तयार झालाय. विद्यापीठाला त्यात ‘संगीतातून सांस्कृतिक देवाणघेवाण’ दिसायला हवी आहे. काय गायचं, काय न्यायचं आणि ही देवाणघेवाण प्रत्यक्षात करायची कशी?

उत्तर:

आधी आराखड्याला कात्री लावा. दहा दिवसांत सात कार्यक्रम मला अजिबात पसंत नाहीत. कार्यक्रमाचा दिवस म्हणजे अख्खा दिवस जातो: बसप्रवास, हॉलमध्ये उभं राहायच्या जागा ठरवणं, आवाजाची चाचणी, कपड्यांच्या इस्त्र्या, कार्यक्रम, मग जेवण आणि भाषणं. असे सात दिवस काढल्यावर मुलांनी एस्टोनिया बसच्या काचेतून पाहिलेला असेल आणि तिथल्या मुलांशी ओळख इन्स्टाग्रामच्या पलीकडे गेलेली नसेल. आधी एकाने गायचं, दुसऱ्याने टाळ्या वाजवायच्या, मग जागा बदलायच्या, याला देवाणघेवाण म्हणायची आपल्याकडे रीत पडली आहे. त्यात कुणी कुणाला काही दिलेलं नसतं.

चार कार्यक्रम पुरे. उरलेल्या वेळात यजमानांबरोबर निदान तीन पूर्ण तालमी ठेवा. तुमचं एक गाणं त्यांनी शिकायचं, त्यांचं एक तुम्ही, आणि शेवटच्या कार्यक्रमात ही दोन्ही गाणी सगळ्यांनी मिसळून उभं राहून म्हणायची. इकडे भारत, तिकडे एस्टोनिया असे दोन गठ्ठे करू नका. तुमच्या ऑल्टोच्या (म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या मुलींच्या) डाव्या-उजव्या बाजूला त्यांच्या ऑल्टो हव्यात. शेजारणीचा श्वास कधी सुटतो, ती कुठे आवाज राखते, हे कानाला तिथेच कळतं, आणि पुढचं बोलणं मग चहाच्या सुटीत आपोआप सुरू होतं. बाकी सगळ्या सूचना या एका गोष्टीच्या पोटातल्या आहेत.

तुम्ही जाताय कुठे, हे मुलांना नीट माहीत असायला हवं. एस्टोनियाची लोकसंख्या तेरा-चौदा लाख, म्हणजे आपल्या एकट्या नाशिक शहराहूनही कमी. तरीही तिथला गीतमहोत्सव, लाउलुपिदू, हजारो गायक एका मंचावर उभे करतो. पहिला महोत्सव १८६९ साली भरला तो तार्तूमध्येच. तेव्हा फक्त पुरुषांचे वृंद आणि पितळी वाद्यांचे ताफे होते. नंतर तो राजधानी ताल्लिनला गेला आणि आता साधारण पाच-पाच वर्षांनी भरतो. सोव्हिएत राजवटीतही तो बंद पडला नाही. राजवटीची स्तुतिगीतं गायची, आणि त्यांच्या आडोशाने आपलीही गायची, असं चाललं. लिडिया कोइडुला या एकोणिसाव्या शतकातल्या कवयित्रीच्या देशावरच्या कवितेला गुस्ताव एर्नेसाक्स यांनी लावलेली चाल १९४७ च्या महोत्सवात पहिल्यांदा गायली गेली आणि पुढे ती लोकांचं दुसरं राष्ट्रगीत होऊन बसली. १९८८ च्या उन्हाळ्यात ताल्लिनच्या महोत्सवाच्या मैदानावर लोक रात्र रात्र जमून गात होते. १९९१ मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला. बाल्टिक देशांच्या या महोत्सवांची युनेस्कोने २००३ मध्ये दखल घेतली. विद्यार्थ्यांचा निराळा महोत्सवही आहे, गाउदेआमुस. तोही १९५६ मध्ये तार्तूमध्येच सुरू झाला आणि तिन्ही बाल्टिक देशांत फिरत भरतो.

तेव्हा तुमच्यासमोर बसलेल्यांतले पुष्कळजण, मग ते बँकेत काम करणारे असोत की बस चालवणारे, शाळेपासून कुठल्या ना कुठल्या वृंदात गायलेले असतात. झगमगाटाने ते दिपत नाहीत. टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, श्रुतीभर खाली घसरला तर त्यांना कळतं. आणि कळलं तरी चेहऱ्यावर काही दिसत नाही. टाळ्याही आपल्या सवयीपेक्षा उशिरा येतात, गाण्याचा शेवटचा सूर हॉलमध्ये पुरता विरल्यावर. हे मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या गाण्यानंतरच्या शांततेनेच त्यांचा धीर सुटतो.

एक मोह टाळा. पाहुणे म्हणून त्यांचं ते लाडकं देशगीत पाठ करून शेवटी ‘सरप्राइज’ द्यायचं, हे प्रत्येक दौऱ्यात कुणाला तरी सुचतंच. त्या गाण्याला लोक उभे राहतात; त्यामागे काय काय सोसलेलं आहे ते वर सांगितलंच. म्हणायचंच असेल तर त्यांच्या कंडक्टरला, म्हणजे वृंदाला हाताने खुणा देऊन गाववणाऱ्याला, आधी विचारा आणि त्यांच्याबरोबर म्हणा.

त्यांच्याकडून काय घ्यायचं? माझं मत विचाराल तर रेगिलाउल. ही त्यांची जुनी लोकगीतं. आठ अक्षरांची ओळ, भरपूर अनुप्रास, चार-पाच सुरांत फिरणारी चाल. पुढची गाणारी एक ओळ म्हणते. तिची शेवटची एक-दोन अक्षरं आली की बाकीच्या त्यातच मिसळतात आणि तीच ओळ पुन्हा म्हणतात. त्यांच्या शेवटच्या अक्षरांवर ती पुढची ओळ घेऊन आत शिरते. दोन ओळींमध्ये श्वासाची फट राहतच नाही. आपल्या कीर्तनात बुवांचा चरण संपायच्या आत टाळकरी तो उचलून धरतात, ते ज्यांनी मागे उभं राहून केलंय त्यांना यातलं निम्मं आधीच येतं. आणि मजकूर बघाल तर जात्यावरच्या ओव्यांच्या फार जवळ आहे: माहेर, सासर, भाऊ, आई, काम, दुखणं. दोन्हीकडे हे गाणं मुख्यतः बायकांनी सांभाळलं.

या दुव्याचा उपयोग करून घ्या. तार्तूमध्ये एस्टोनियाचं साहित्य संग्रहालय आहे आणि १९२७ मध्ये स्थापन झालेला लोकसाहित्याचा अभिलेख संग्रह तिथेच आहे. लोकसाहित्याचे संग्राहक याकोब हुर्ट यांनी १८८८ मध्ये वर्तमानपत्रांतून आवाहन केलं आणि गावोगावच्या शिक्षकांनी, शेतकऱ्यांनी गाणी लिहून पाठवली. त्यांच्या संग्रहाची पानं लाखाच्या वर आहेत. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी खेड्यापाड्यांतून जमवलेल्या लाखभर ओव्या आहेत; ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. एक अर्धा दिवस कार्यक्रमातून मोकळा करा, तिथल्या अभ्यासकांना आधी लिहून वेळ मागा आणि दोन्हीकडची ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ एक ऐका. तुमच्या एखाद्या मुलीची आजी ओव्या म्हणत असेल तर निघण्याआधी तिचा आवाज फोनवर टिपून घ्या. विद्यापीठाच्या अहवालात मैफलींचे फोटो येतीलच, पण देवाणघेवाणीबद्दल कुणी खोलात विचारलं तर हाच अर्धा दिवस दाखवता येईल.

रेगिलाउल वृंदासाठी कसं बांधायचं याचा धडा एस्टोनियन रचनाकार वेल्यो टॉर्मिस यांच्याकडून घ्यावा. टॉर्मिस (१९३० ते २०१७) यांनी आयुष्यभर हेच काम केलं. लोकसंगीत मी वापरत नाही, तेच मला वापरतं, असं ते म्हणत. मूळ चालीला ते हात लावत नाहीत. तिच्याभोवती आवाजांचा थर उभा करतात, कधी नुसता एक लांब सूर, कधी एकच तुकडा पुन्हा पुन्हा. लोखंडाला शाप देणारी त्यांची १९७२ सालची रचना शामानच्या, म्हणजे मांत्रिकाच्या, ढोलावर चालते. ती मुलांना ऐकवा. लोकगीत म्हणजे गोड-गोड काहीतरी, हा समज पाच मिनिटांत जाईल.

आता तुमच्या बाजूकडे. युवा महोत्सवातलं समूहगीत आणि वृंदगान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमची खरी मेहनत इथे आहे. समूहगीतात सहा गाणारे, तीन साथीदार. चाल सगळ्यांची एकच, फार तर मधे एखादी ओळ दोन आवाजांत. शिवाय स्केलची ओढाताण असतेच: मुलांना काळी एक बरी, मुलींना काळी चार, मग काळी दोनवर तडजोड होते आणि अर्धे लोक तळाला घरघरतात, अर्धे वर ताणतात. वृंदात प्रत्येकाला आपापल्या पल्ल्यातला पार्ट, म्हणजे स्वतःची वेगळी चाल, मिळते, ही ओढाताणच संपते. पण त्याची किंमत ऑल्टो आणि टेनर मोजतात. लहानपणापासून ज्यांनी फक्त मुख्य चाल गायली आहे त्यांचा कान शेजारच्या सोप्रानोकडे, म्हणजे मुलींच्या सगळ्यात वरच्या आवाजाकडे, खेचला जातो. उपाय जुनाच आहे. चार-चार जणांचे गट करा, एका आवाजाला एकच गाणारा. लपायला जागा नसली की पार्ट पक्का होतो. तंबोरा लावून अर्ध्यांनी षड्ज-पंचम धरायचा आणि उरलेल्यांनी त्यावर चाल म्हणायची, हेही रोज दहा मिनिटं करा. पियानोवर सूर हुडकत शिकलेला वृंद पियानो काढला की खाली उतरतो. तंबोऱ्यावर तयार झालेला तितका उतरत नाही.

यजमानांना द्यायच्या गाण्यासाठी अभंग आणि लावणी ही दोन नावं लगेच पुढे येतील. मी पोवाडा सुचवेन. कारण त्यात झील आहे. शाहीर ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ‘जी जी रं जी जी’ उचलून धरतात. मराठीचं एक अक्षर न येणारा माणूस दोन मिनिटांत झीलकरी होऊ शकतो, आणि झीलकरी झाला की तो गाण्याच्या आत आला.

शिकवताना पहिल्या तालमीत कागद वाटू नका. यजमानांची मुलं नोटेशन पाहता पाहता वाचतात. कागद दिलात तर त्यावर आहे तेवढंच, अचूक आणि निर्जीव गातील. कागद बाजूला ठेवा, तुमचा शाहीर पुढे उभा करा, तुणतुणं सुरू करा आणि फक्त झील घ्या. पहिल्या खेपेला ते मोजून बरोबर ठोक्यावर आत येतील. तिथे थांबवा. आपला झीलकरी ठोक्याची वाट पाहत नाही, शाहिराचा शेवटचा स्वर अजून हवेत असतानाच तो वर चढतो. हे सांगून समजत नाही, तुमच्या दोन मुलांनी करून दाखवावं लागतं. मग कुणीतरी म्हणेल की हे तर आमच्या रेगिलाउलसारखंच झालं. तसं कुणी म्हणालं नाही तर तुम्ही त्यांना रेगिलाउलची एक ओळ म्हणायला लावा आणि लगेच पुन्हा झील घ्या. दुसरी अडचण आवाजाच्या लागाची. युरोपीय वृंदात स्वर गोल, झाकलेला ठेवायची सवय असते. पोवाड्याला उघडा, कपाळावर आदळणारा आवाज लागतो. त्यांना सांगा, सेतो बायका गातात तसं गा. तार्तूच्या आग्नेयेला सेतो लोकांचा प्रदेश आहे. त्यांचं लेलो हे गाणं २००९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि त्यात सगळ्यांच्या वर एकटाच एक टोकदार आवाज चालतो. म्हणजे उघड्या गळ्याचं गाणं त्यांच्या दाराशीच आहे. शहरातल्या वृंदाला त्याची फक्त आठवण करून द्यायची. जमलं तर एक दिवस तुम्हीही सेतोमाला जाऊन या.

सूर सांगायला भाषेची अडचण येत नाही. एस्टोनियाच्या शाळांत हायनो काल्युस्ते यांनी कोदाईच्या हंगेरियन पद्धतीवरून बसवलेली स्वरनामं शिकवतात: जो, ले, मि, ना, सो, रा, दि. आपल्या ‘सा’सारखाच त्यांचा ‘जो’ कुठल्याही पट्टीवर बसतो. फळ्यावर दोन ओळी वर-खाली लिहा, सा खाली जो, रे खाली ले, आणि कामाला लागा. उच्चारांकडे मात्र लक्ष ठेवा. एस्टोनियन कानाला ग आणि क, ब आणि प यांतला आपला फरक सहज पकडता येत नाही, त्यामुळे गडाचा कड होतो. त्यावर हसू आलं तर येऊ द्या. तुम्ही त्यांचे स्वर ओढायला लागाल तेव्हा ते हसणारच आहेत. त्यांच्या भाषेत स्वराची लांबी तीन प्रकारची असते आणि आपण दोनांतच आयुष्य काढलेलं.

अभंग घ्यायचाच असेल तर तो तुमच्या स्वतःच्या भागात घ्या, आणि बांधणीबद्दल कडक राहा. भैरवीतल्या चालीखाली पाश्चात्त्य कॉर्ड घातले की चार ओळींत भैरवी घर सोडते आणि सिनेमाच्या शेवटच्या रीळसारखं काहीतरी वाजायला लागतं. मी एक नियम पाळतो: मुख्य चाल जशीच्या तशी, बाकीच्या आवाजांना आधारस्वर, छोटे फिरते तुकडे आणि मुख्य ओळीचे पडसाद. सगळे स्वर शुद्ध असलेल्या साध्या चालीला मात्र तीन-चार आवाजांचा साज शोभतो. रूपक तालातलं गाणं असेल आणि दोन्ही वृंदांना त्यांचा कंडक्टर हात देणार असेल, तर त्याला आधी समजावा की इथे पहिली मात्रा ‘खाली’ची, म्हणजे बिनजोराची, आहे. हात जोरात खाली आणलास की गाणं लंगडं होतं.

या वाटेवर आपण पहिले नाही, हेही मुलांना कळू द्या. मुंबईत व्हिक्टर परंज्योती यांनी आपल्या वृंदासाठी भारतीय सुरांवर बहुस्वरी रचना केल्या. त्यांची ‘द्रविडियन डिथिरॅम्ब’ नुसत्या स्वरोच्चारांवर चालते, त्यात शब्द नाहीत, म्हणूनच ती जगभरच्या वृंदांना गाता येते. त्यांच्यामागे १९६७ पासून कुमी वाडिया यांनी तो वृंद अनेक दशकं चालवला, परदेशांत नेला. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शिलाँग चेंबर क्वायर २०१० मध्ये चीनमधल्या शाओशिंगला जागतिक स्पर्धेत उतरला आणि तिथून सुवर्ण घेऊन आला. अमेरिकेतल्या ईथन स्पेरी यांनी ए. आर. रहमान यांच्या गाण्यांच्या वृंदासाठी केलेल्या बांधण्या तिथली विद्यापीठं हौसेने गातात, त्यामुळे तुमच्या यजमानांनी ‘भारतीय’ म्हणून त्याच ऐकलेल्या असण्याचा संभव आहे. तुमच्यात कुणी गोव्याचं असेल तर एक मांडो जरूर घ्या. दोन आवाजांत गाणं ही तिथे घरातली गोष्ट आहे, त्यासाठी बांधणी वेगळी करावी लागत नाही.

युरोपीय परंपरेतलं एखादं काम न्यावं का? एक न्यावं, छोटं, आणि उत्तम बसवलेलं. फिलिपीन्स विद्यापीठाचे मॅड्रिगल सिंगर्स याचं चांगलं उदाहरण. आंद्रेआ वेनेरासिओन यांनी १९६३ मध्ये हा वृंद उभा केला. ते अर्धवर्तुळात बसून गातात, समोर कंडक्टर नसतो, टोकाला बसलेला प्रमुख नजरेने आणि मानेने खुणा देतो. युरोपातली सर्वोच्च वृंदस्पर्धा त्यांनी दोनदा जिंकली, १९९७ मध्ये आणि २००७ मध्ये. युरोपची जुनी मॅड्रिगल, म्हणजे अनेक आवाजांतली गाणी, आणि फिलिपिनो लोकगीतं ते सारख्याच निगुतीने गातात, एक खरं आणि दुसरं तोंडी लावायला असं करत नाहीत. आणि बसून गाण्याची कल्पना तर आपलीच म्हणायला हरकत नाही. ओव्या तुम्ही तीन रांगांत उभं राहून का म्हणाव्यात? सतरंजी पसरा, गोल बसा.

आणखी एक जुना दाखला. हार्वर्ड विद्यापीठाचा गायकवृंद, ग्ली क्लब, १९२१ मध्ये फ्रेंच सरकारच्या निमंत्रणावरून युरोपात गेला. त्या ओळखीतून फ्रेंच संगीतकार दारियुस मिलो यांनी त्यांच्यासाठी एक स्तोत्र रचलं आणि फ्रान्सिस पूलांक यांनी पिण्याचं गाणं. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, त्यामुळे दुसरं गाणं क्लबला गाताच आलं नाही! हा भाग सोडा, पण दौऱ्यातून नवी रचना निघू शकते ही गोष्ट उचलण्यासारखी आहे. तुमच्याकडचा एखादा चाल लावणारा विद्यार्थी आणि त्यांच्याकडचा एखादा रचनाकार यांना सहा महिने आधी एकमेकांशी बोलायला लावा. तीन मिनिटांचं गाणं, एक कडवं मराठी, एक एस्टोनियन. वाईट झालं तरी चालेल.

गाळायच्या गोष्टी: बॉलीवूड मेडली, पंधरा मिनिटांचं प्रास्ताविक, आणि नऊवारी-फेट्यांचे तीन-तीन पोशाख. मेडली तिथली मुलं यूट्यूबवर तुमच्यापेक्षा चांगल्या साथीसह ऐकतात. मी एका दौऱ्यात प्रायोजकाच्या आग्रहाखातर मुलांना छातीवर कंपनीचं बोधचिन्ह लावून चर्चमध्ये उभं राहिलेलं पाहिलंय. पैसे घेण्याआधी असल्या अटी लेखी मागवा. गाण्याआधी दोन वाक्यं पुरतात, आणि ती मुलांपैकी कुणीतरी बोलावीत.

हॉलचं म्हणाल तर तार्तूमध्ये विद्यापीठाचा जुना सभागृह-मंच आणि यानी चर्चसारखं विटांचं गॉथिक चर्च असे दोन्ही प्रकार भेटतील. चर्चमध्ये आवाज रेंगाळतो. तुमची जलद तान तिथे गढूळ ऐकू येते, पोवाड्यातले शब्द एकमेकांवर चढतात. पोहोचल्यावर मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा आणि ती किती वेळ राहते ते ऐका, मग लय ठरवा. डफ आणि तुणतुणं नेणं सोपं आहे. तबला नेणार असाल तर हातोडी विमानात जवळच्या पिशवीत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत काढून घेतील; ती सामानात टाका. पखवाजाची कणीक तिकडच्या कोरड्या हॉलमध्ये लवकर सुकते, तेव्हा मध्यंतरात लावायला ओली कणीक हाताशी ठेवा.

जूनमध्ये तिथे रात्री साडेदहापर्यंत उजेड असतो आणि पहाट फार लवकर होते. घड्याळाचा फरक अडीच तासांचाच आहे, त्रास देतो तो उजेड. मुलं झोपत नाहीत, मग गळे बसतात. डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या न्या आणि बसमध्ये ओरडून गप्पा मारायला बंदी घाला. मुलांची सोय हॉटेलात न करता यजमान विद्यार्थ्यांच्या घरी मागा, दोघं-दोघं मिळून. शाकाहारी कोण, कांदा-लसूण न खाणारं कोण, याची यादी महिनाभर आधी गेली पाहिजे. कामा नावाचं धान्या-वाटाण्याचं भाजकं पीठ ते ताकात कालवून खातात. आपल्या सातूच्या पिठाचं सख्खं भावंड, शाकाहाऱ्यांना हमखास आवडतं. बहुतेक घरी सॉना, म्हणजे वाफेची न्हाणी, असेल आणि अगत्याने आत बोलावतील. जायचं की नाही ते ज्याने त्याने ठरवावं, नको म्हटलं तर कुणी रागावत नाही. पण कार्यक्रमाच्या दिवशी नको.

तारखा ठरवताना २३ आणि २४ जून रिकामे सोडा. तो त्यांचा यानीपाएव, सुट्टीचा सण. शहरं ओस पडतात, सगळे गावाकडे शेकोट्या पेटवायला जातात. त्या दिवशी कार्यक्रम ठेवलात तर तुम्हीच गाल आणि तुम्हीच ऐकाल. त्याऐवजी यजमानांना सांगा, आम्हाला शेकोटीवर न्या. त्या रात्री गाणी ठरवून होत नाहीत. तुमचं शेवटचं एकत्र गाणं मुलांच्या तोंडात बसलेलं असेल तर तिथे आपोआप निघेल.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण उन्हाळ्यात अर्ज केंद्राची वेळ मिळणंच अवघड असतं, म्हणून मार्चमध्ये अर्ज जायला हवेत. बोटांचे ठसे पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला स्वतः जाऊन द्यावे लागतात, गटाचा अर्ज असला तरी. शुल्क माणशी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा, पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा. निमंत्रणपत्रात राहण्या-जेवणाचा खर्च कोण करणार ते स्पष्ट लिहून घ्या. सर्वसाधारण रिवाज असा की यजमान राहणं-जेवण पाहतात आणि पाहुणे तिकिटं काढतात. तिकिटांसाठी विद्यार्थी कल्याण विभाग आणि भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, दोन्हीकडे अर्ज टाका. ज्याला पैसे भरणं जमत नाही त्याचा आवाज वृंदातून गळता कामा नये, हे मात्र पहिल्याच बैठकीत ठरवून टाका. आणि प्रत्येक गाण्याच्या रचनाकाराची, बांधणी करणाऱ्याची लेखी परवानगी जवळ ठेवा. तिथले आयोजक ती यादी मागतात, आणि झेरॉक्स केलेले नोटेशनचे कागद घेऊन मंचावर गेलात तर त्यांनाच अडचणीत आणाल.

दिवाळीनंतर लगेच तुमच्या पोवाड्याचं साधं फोनवरचं रेकॉर्डिंग त्यांच्या कंडक्टरला पाठवा, शाहिराचा आवाज एका फाइलमध्ये, झील दुसऱ्या. त्याच पत्रात त्यांच्याकडून एक रेगिलाउल मागवा आणि म्हणणारी मुलगी कोण तेही विचारा, म्हणजे तुमच्या मुली तिलाच थेट व्हिडिओवर गाठतील. शाहीर मात्र आत्ताच निवडा. त्याला वर्षभर गळा घडवायला लागेल, आणि दुसरा तयार ठेवा, कारण जूनमध्ये कुणाची ना कुणाची परीक्षा निघतेच.